चौथी ओळ

१२ जानेवारी

धाकट्यास,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमननं ते असं हातात दिलं की तुरुंगाचा शिक्का बरोबर वरच्या बाजूला. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी ते अर्जांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं आणि त्यावर कोपर ठेवून दिवसभर टायपिंग केलं. इतक्या वर्षांनी पत्र लिहिणारा माणूस आधी बहिणीची तब्येत विचारतो. तू विचारलंस, "ताई, तुझा कॉम्प्युटर अजून चालतो का?"

चालतो. मीही चालते, विचारलं नाहीस तरी सांगते.

तुझं म्हणणं समजलं. तिथं आत दर गुरुवारी एक बाई पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला येतात. चालू मशीन एकच, आणि ते एकेकाच्या वाट्याला चहा संपेपर्यंतच येतं. म्हणून बाई प्रोग्रॅम कागदावर लिहायला लावतात. कागदावरचं बरोबर की चूक हे कळायला पुन्हा आपली पाळी येईपर्यंत दीड-दोन महिने थांबावं लागतं. तेव्हा ताईनं तो कागद आपल्या दुकानात टाइप करावा, चालवून बघावा आणि काय झालं ते कळवावं. एवढं जग पडलंय, पण तुला मीच सापडले. जिच्या अंगाखालची खुर्ची पोलीस घेऊन गेले, तीच.

मी ते विसरले असेन असं समजू नकोस. वाढदिवसाची भेट म्हणून तू कामाला होतास त्या गोदामातून 'सवलतीत' आणलेली ती फिरती खुर्ची मी कोर्टासमोरच्या अख्ख्या गल्लीला दाखवली होती. धाकट्यानं दिली, धाकट्यानं दिली, असं सांगत सुटले होते. मग एका दुपारी दोन पोलीस आले आणि म्हणाले, बाई, जरा उठता का. गिऱ्हाइकं बघत होती. मी अर्धा टाइप झालेला अर्ज हातात धरून उभी राहिले. तू गोदामातला माल मागच्या दारानं विकलास त्याची शिक्षा तुला झाली, पण तू माझ्या तोंडावर खोटं बोललास त्याचा राग माझ्याकडे तसाच शिल्लक आहे. मी अजून स्टुलावर बसते.

असो. तुझा प्रोग्रॅम मी चालवून बघितला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून मशीनमध्ये पायथन टाकून घेतलं. त्यानं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, मलाच हौस आलीय. आधी मी तो प्रोग्रॅम अर्जांसाठी वापरते त्यातच टाइप केला, तर त्यानं आपल्या सवयीनं अवतरणचिन्हं वळणदार केली आणि ओळीचं पहिलं अक्षर मोठं केलं. पायथनला ते नटवेपण चालत नाही. झेरॉक्सवाल्यानं साधी खिडकी उघडून दिली, तिथं टाइप केल्यावर खऱ्या चुका बाहेर आल्या. तू अवतरणचिन्ह उघडलंस आणि मिटलंच नाहीस. कंसाचंही तेच. लहानपणी कपाटाची दारं उघडी टाकून जायचास, ती खोड अजून गेलेली नाही. दोन्ही बंद करून पाठव.

दुरुस्त मी केलं नाही. तूच लिहिलंयस की बाई म्हणतात, चूक ज्याची त्यानंच निस्तरायची. बाई शहाण्या दिसतात.

कळावं. लोभाचं नंतर बघू.

ताई

६ फेब्रुवारी

धाकट्यास,

चालला तुझा प्रोग्रॅम.

टाइप करताना मी अर्थ वाचत नाही हे तुला माहीत आहे. लोकांचे घटस्फोट, भांडणं, मृत्युपत्रं बोटांतून जातात, मनात शिरत नाहीत. शिरली असती तर एव्हाना मला वेड लागलं असतं. त्यामुळे तुझ्या त्या एका ओळीत काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, "ताई, मी बरा आहे." तेवढं एकच वाक्य.

समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, बाई, डोळ्यांत काही गेलं का? मी म्हटलं, पंख्याची धूळ. पंखा बंद होता.

दुसऱ्या प्रोग्रॅमचं सांगते. तू आत स्वयंपाकघरात बटाटे सोलतोस हे मला या प्रोग्रॅममधून कळलं. कमी सोलले तर रांगेतले शेवटचे उपाशी, जास्त सोलले तर काळे पडून फुकट. म्हणून मशीननं विचारावं, किती माणसं, आणि सांगावं, किती पोती. कल्पना बरी आहे. घरी कधी एक बटाटा सोलला नाहीस तो भाग वेगळा. यात तिसऱ्या ओळीत मशीन अडलं. तू पोत्यांच्या आकड्याला दोन शब्दी नाव दिलंस आणि मध्ये जागा सोडलीस. मशीनला वाटलं दोन वेगळी माणसं एका दारातून घुसतायत. शब्द जोडून लिही.

एप्रिलच्या परीक्षेचं वाचलं. बाई ज्यांना वरच्या वर्गात घेतील त्यांना सुटल्यावर एका कार्यालयात कामाला लावून देणार, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. तू वर्षाअखेरीस सुटणार. हिशेब मलाही समजतो.

यापुढे चूक काय ते सांगू नको, फक्त ओळीचा आकडा सांग, परीक्षेत कुणी सांगायला येणार नाही, असं लिहिलंयस. मान्य. मशीनचा निरोप दिसला की मी त्यावर पोस्टकार्ड आडवं धरीन आणि आकडा तेवढा वाचीन. एका अक्षराला हात लावणार नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, तुझा भाऊ कुठल्या बंदरात आहे सध्या? तू जहाजावर आहेस असं मी त्यांना सांगून ठेवलंय. मी म्हटलं, पत्र आलंय, बरा आहे. निम्मं तरी खरं बोलले.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकट्यास,

पोत्यांचा प्रोग्रॅम चालला. झेरॉक्सवाल्याच्या सगळ्या खानदानाची संख्या घालून बघितली, पाव पोतं म्हणाला. त्याला वाटतंय तो मीच लिहिलाय. वाटू दे.

आता तिसरा. यात तुमच्या त्या 'इफ' आणि 'एल्स'चं प्रकरण आहे. माणसं अमुक आकड्याच्या वर गेली तर आणखी एक पोतं उघडा, नाहीतर आहे तेवढं पुरे. परीक्षेला हाच न्यायचा म्हणतोस. तर ऐक: चौथी ओळ.

निरोपावर पोस्टकार्ड ठेवलं होतं. माझी मान आपोआप वळत होती, पण बघितलं नाही. शब्द दिला म्हणजे दिला.

तब्येतीचं विचारलंस, आभारी आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. स्टुलावर उशी घेतली आहे.

ताई

१७ मार्च

धाकट्यास,

चौथीच ओळ. मागच्या पत्रात चौथी, मधल्या कार्डावर कळवली तीही चौथी, आजही चौथी. नवीन कागद येतो आणि मशीन त्याच दगडाला ठेचकाळतं. अक्षराचं म्हणशील तर ते आता पुष्कळ सुधारलंय. फक्त तुझ्या ओळी अजून शाळेतल्यासारख्या मध्येच उजवीकडे घसरतात, पण त्याची काळजी करू नकोस, त्या मी सरळ करून घेते. तेव्हा दोष अक्षराचा नाही, डोक्याचा आहे, आणि डोकं तुला चांगलं आहे हे मला ठाऊक आहे.

"ताई, चौथ्या ओळीत काही चूक नाही, मी दहादा बघितली, मशीन तुझं बिघडलंय" असं लिहिलंस. चोराच्या उलट्या बोंबा. माझं मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांचे अर्ज काढतं आणि एकही अर्ज कोर्टानं परत पाठवलेला नाही. टायपिंगच्या परीक्षेत मी जिल्ह्यात दुसरी आले होते, आणि पहिली आलेली परीक्षकांची भाची होती.

राग सोडून पुन्हा बघ. वेळ आहे अजून.

आणि जेवत जा. स्वयंपाकघरातली माणसं सगळ्यांच्या शेवटी जेवतात असं तूच लिहिलंस, तेव्हापासून ते माझ्या डोक्यात बसलंय.

ताई

२४ मार्च

धाकट्यास,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी तुला धीर धर म्हणून लिहीत होते, तेव्हा तू वर्ग सोडल्याचं लिहीत होतास.

"मला हे जमणार नाही ताई. माझ्या हातचं काहीच सरळ चालत नाही. बाईंना सांगून नाव काढून घेतलं. तू उगीच माझ्यासाठी खपू नकोस."

हे पत्र मी घरी आणून वाचलं, मग जेवले नाही. सकाळी दुकानात येऊन पुन्हा वाचलं. आज एकही काम घेतलं नाही. लोकांना सांगितलं, मशीन बंद आहे.

मी तुझ्यावर चिडलेय, पण ते नेहमीचंच. आज वेगळंच काही सांगते आणि एकदाच सांगते. मला भीती वाटते. तू सुटशील, पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहशील, कुणी काम देणार नाही, आणि मग कुठलं तरी गोदाम आणि त्याचं मागचं दार. मग पुन्हा पोलीस, पुन्हा पाकिटावर शिक्का. तेव्हा मी म्हातारी झालेली असेन. या वर्गाचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की यातून काहीतरी निघेल. तुला ते लिहिलं नाही, कारण तू डोक्यावर बसला असतास.

मला तू बाहेर हवा आहेस आणि बाहेरच राहायला हवा आहेस. एवढंच.

वर्ग सोडलास ती चूक आहे. तिची ओळ सांगायची गरज नाही.

ताई

४ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. अख्ख्या कार्डावर एकच वाक्य: "ताई, तुझ्या १७ मार्चच्या पत्रात चूक आहे, चौथी ओळ."

आधी वाटलं, तुरुंगात राहून याला आगाऊपणा आलाय. माझ्या पत्रात चूक? मी टाइप केलेल्या पत्रात? प्रत्येक पत्राची एक जादा प्रत मी ठेवते, धंद्याची सवय आहे. प्रत काढली, चष्मा पुसला, बोट ठेवून वरून चार ओळी मोजल्या. शब्द न् शब्द तपासला. एक काना मात्रा इकडची तिकडे नव्हती. मी प्रत बाजूला फेकली आणि दोन प्रतिज्ञापत्रं टाइप केली.

दुसरं टाइप करताना गिऱ्हाईक म्हणालं, बाई, ही सही केलेली मूळ प्रत आहे, जसंच्या तसं हवं, खाडाखोडसुद्धा. आमच्या धंद्यात याला खरी नक्कल म्हणतात. खऱ्या नकलेत टायपिस्टनं अक्कल चालवायची नसते. मूळ कागदावर चूक असेल तर चूक, वाकडं असेल तर वाकडं. ते नेहमीच्या कामाच्या उलटं आहे, कारण एरवी लोक मला पैसे देतात ते त्यांचं वाकडं सरळ करण्यासाठीच. डावा समास एका रेषेत, हे आमच्या मास्तरांनी पट्टी मारून शिकवलंय. एक ओळ सरकली की दोन गुण गेले.

बोटं थांबली. मी ती प्रत पुन्हा उचलली. चौथी ओळ: 'तुझ्या ओळी उजवीकडे घसरतात, त्या मी सरळ करून घेते.'

तुझा कागद काढला. चौथी ओळ आत सरकलेली. सहावीही तेवढीच आत. बाकीच्या सगळ्या समासाला चिकटून. घसरलेली ओळ कुठे थांबते ते ठरलेलं नसतं. ह्या दोन्ही एकाच जागी थांबल्या होत्या. तू त्या मुद्दाम आत ठेवल्या होत्यास.

गिऱ्हाइकाला म्हटलं, पाच मिनिटं बसा. खरी नक्कल केली. तू सोडलेली प्रत्येक मोकळी जागा बोटानं दाबून सोडली. बटण दाबलं. मशीननं विचारलं, "किती माणसं?" मी कोर्टातली रांग बघून आकडा टाकला. ते म्हणालं, "आणखी एक पोतं उघडा."

मग मी पोस्टकार्ड बाजूला करून जुन्या कागदांपैकी एक पुन्हा माझ्या पद्धतीनं टाइप केला आणि निरोप वाचला. मशीन पहिल्या दिवसापासून सांगत होतं की इफच्या खालची ओळ आत घ्या. आत असली की ती इफच्या ताब्यातली, समासाला आणली की तिला कुणी वाली नाही. एवढं सरळ सांगत होतं आणि मी त्याच्या तोंडावर कार्ड धरून बसले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते खोटं नाही.

तुला बुद्धी नाही म्हणून नव्हे, तर तुझ्या बहिणीला नको तिथं नीटनेटकेपणा आहे म्हणून तुझा प्रोग्रॅम चालत नव्हता. मला लाज वाटते. हसूही येतंय. तू कार्ड लिहिताना हसला असशील, असलाच पाहिजेस.

आता ताबडतोब बाईंना सांग आणि नाव परत लिहून घे.

ताई

१२ एप्रिल

धाकट्या,

तर बाई म्हणाल्या, "इथं प्रत्येक जण मला सांगतो की चूक दुसऱ्याची होती."

बाईंचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, वर दोन शब्द जास्त. आणि तुझी जागा दुसऱ्याला दिली हेही बरोबर, रांग मोठी आहे. पण यावेळी चूक खरोखरच दुसऱ्याची होती, आणि ती दुसरी मी, आणि माझ्या म्हणण्याला कागद लागतो तर कागद तयार करणं हाच माझा धंदा आहे.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे, तू ते बाईंना दे. मजकूर तुलाही कळावा म्हणून नावं-पत्ते वगळून इथं देते: 'मी, खाली सही करणारी, धंदा टायपिंग, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की माझ्या सख्ख्या भावानं लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या चौथ्या व सहाव्या ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा मी त्याला न विचारता, केवळ सवयीनं काढून टाकली. सदर जागा मूळ कागदावर होती. तिच्या अभावी जो दोष उत्पन्न झाला त्याच्याशी माझ्या भावाचा काही संबंध नाही.'

हे टाइप करायला मला वेळ लागला नाही. पण सहीसाठी समोर नोटरीसाहेबांकडे जावं लागतं. त्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षं कागद करते आणि त्यांना माहीत नाही की मला भाऊ आहे. खुर्ची नेली तेव्हा गल्लीत चर्चा झाली होती, पण हे साहेब नंतर आले, आणि नंतर आलेल्यांना मी कधी काही सांगितलं नाही. तुरुंगाचं नाव प्रतिज्ञापत्रात लिहिल्याशिवाय चालणार नव्हतं. मी दुकानाच्या दारात कागद घेऊन उभी राहिले आणि वाटलं, नुसतं पत्र लिहून देऊ बाईंना, कशाला हात दाखवून अवलक्षण. मग तुझं वाक्य आठवलं, माझ्या हातचं काहीच सरळ चालत नाही. रस्ता ओलांडला.

साहेबांच्या टेबलाभोवती सहा-सात माणसं. ते मोठ्यानं वाचतात, तशी त्यांची पद्धतच आहे.

"मोकळी जागा काढून टाकली? म्हणजे प्लॉटची भानगड आहे का?"

"नाही साहेब, कॉम्प्युटरमधली आहे."

"आणि हा तुरुंगात?"

"हो."

"तुमचा सख्खा भाऊ?"

"हो, धाकटा. चोरीच्या गुन्ह्यात आहे. आत राहून कॉम्प्युटर शिकतोय, त्याची परीक्षा आहे, माझ्यामुळे तो अडलाय. शिक्का मारा."

साहेबांनी शिक्का मारला, फी घेतली नाही, आणि म्हणाले, "बाई, असला दस्त मी आजपर्यंत बघितला नाही." रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, तुमच्या भावाला वर्गात घेणाऱ्या त्या बाईंचा पत्ता मिळेल का, माझा पुतण्याही आत आहे. मी त्याला पत्ता लिहून दिला.

बातमी माझ्या आधी घरी पोचली. जिन्यात वरच्या काकू उभ्याच होत्या. मी सुरुवात केली, काकू, ते जहाजाचं मी तुम्हाला म्हटलं होतं ना... त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या दुकानात येतो तोच पोस्टमन माझ्याकडेही चढतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? परीक्षा कधी आहे त्याची?" इतकी वर्षं मी त्यांना बंदरांची नावं सांगत होते आणि त्या ऐकून घेत होत्या.

बरं वाटतंय. इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या कागदाची खरी नक्कलही जोडली आहे. बाईंनी स्वतः चालवून बघावी. बाकी त्यांच्या मनावर.

ताई

९ मे

धाकट्या,

परवा भेटून आले तरी पुन्हा लिहायला बसले. तिथं सगळी माणसं एकदम बोलत होती, तू भराभर सांगत होतास, मी निम्मं ऐकलं आणि निम्मं तुझ्याकडे बघत राहिले. म्हणून जे समजलं ते लिहून ठेवते, चुकलं असेल तर कळव.

बाईंनी प्रतिज्ञापत्र वर्गात सगळ्यांसमोर वाचलं. सगळे पोट धरून हसले, बाईसुद्धा. मग त्या म्हणाल्या, चूक दुसऱ्याची होती हे ज्याला शिक्क्यानिशी सिद्ध करता येतं असा हा पहिलाच, आणि तुला एक स्टूल आणायला लावून वर्गात मागे बसवलं. जागा नव्हती तर जागा केली. या बाईंना मला एकदा भेटायचंय.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकानं मशीनसमोर बसून आपला प्रोग्रॅम टाइप करायचा होता. तू बटण दाबलंस आणि मशीन म्हणालं, सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यात चूक. मागून कुणीतरी म्हणालं, बहिणीला बोलवा. हे सांगताना तू हसत होतास, मला हसू आलं नाही. तू म्हणालास की क्षणभर तुला उठून जावंसं वाटलं. मग तू निरोप न वाचता आकडा तेवढा बघितलास. पाचवी ओळ. एल्सच्या पुढचे दोन ठिपके राहिले होते. एक बटण. प्रोग्रॅम चालला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, पुढचा.

निकाल तू मला शेवटी सांगितलास, वेळ संपल्याची घंटा झाल्यावर, मुद्दाम. वरच्या वर्गात घेतलं. लहानपणापासून तुला असलं ताणायची सवय आहे. मी तुझ्या हाताला चापट मारली आणि पहारेकरी म्हणाला, बाई, हात लावायचा नाही. हेच तुला गोदामात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तुझे केस पातळ झालेत आणि पाठ सरळ झालीय. आई असती तर केसांचं बोलली असती, मी पाठीचं बोलते.

आता दुसरं. तू मला न विचारता माझा पत्ता वर्गात वाटलास. काल तीन पाकिटं आली, तिन्हींवर शिक्के, तिन्हींच्या आत कागद, आणि वर लिहिलंय, 'ताईंस'. मी काय धर्मशाळा उघडलीय? एकानं इफ लिहिलंय आणि ठिपके विसरलाय. एकाचं अक्षर बघून मला चक्कर आली. तिसऱ्यानं अर्धं पान मला नमस्कार घालण्यात घालवलंय आणि प्रोग्रॅम दोनच ओळींचा आहे, त्यातल्या दोन्ही चुकीच्या. त्याला बाहेर कुणी नाही असं तू म्हणालास. त्याला सांग, पहिली आणि दुसरी. आणि सांग की पुढचा कागद पाठव. रविवारी मी एवढंच काम करणार आहे, झेरॉक्सवाला शाई देतो म्हणाला.

नोटरीसाहेब रोज विचारतात, काय म्हणतो भाऊ? मी सांगते.

वर्षाअखेरीस सुटायची तारीख पक्की झाली की लगेच कळव. आदल्या दिवशी कळवलंस तरी मी येणार आहेच, पण गिऱ्हाइकांना आधी सांगितलेलं बरं असतं. त्या दिवशी दुकान बंद. दारावर लावायची पाटी मी आजच टाइप करून ठेवली आहे, सगळ्यात मोठ्या अक्षरात, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल अशी: 'भावाला आणायला गेले आहे.'

तुझी
ताई